सिंगल स्पेचा अँकर टिकत नाही: खाडीच्या धक्क्यावरचा सराव, नेमकं काय चुकतंय?

दोनहाती नेरूळ

नमस्कार मंडळी. स्पे कास्टिंग (फ्लाय फिशिंगमध्ये दोन हातांनी लांब रॉड धरून, लाइन पूर्ण मागे न उडवता पाण्याच्या आधाराने फेकणं) येणाऱ्यांकडून निदान हवं आहे, म्हणून मोजमापं आधीच देतो.

रॉड साडेबारा फुटी, ७ वेट (लाइनच्या वजनाचा क्रमांक), चार तुकड्यांचा. स्कँडी हेड (लाइनचा पुढचा जड भाग) ३६ फूट, पाकिटावर ४६० ग्रेन छापलंय. लीडर (हेडपुढचा तंगूस) ९ फुटी, टोकाकडे निमुळता. टोकाला गळ नाही, लाल लोकरीचा गोंडा. रॉडच्या टोकाबाहेर रनिंग लाइन (हेडमागची पातळ लाइन) ५-६ फूट. उजवा हात वर. जागा ठाणे खाडीवर वाशीच्या बाजूचा धक्का, तोंड पश्चिमेला. वेळ संध्याकाळी साडेचारनंतर, शक्यतो ओहोटी लागलेली असताना, म्हणजे पाणी वाहतं मिळतं.

अडचण अशी. पहिली ३०-४० मिनिटं सिंगल स्पे बरा पडतो, ६०-६५ फूट सरळ. त्यानंतर अँकर, म्हणजे पाण्याला चिकटून कास्टला आधार देणारं लाइनचं टोक, धरतच नाही. गोंडा पाण्याला टेकतो न टेकतो तोच मागे उडतो, चाबकासारखा कडाका होतो आणि लाइन समोर ढिगाने पडते. जोर वाढवला की आणखी बिघडतं. अँकर बसला तरी पुढचा लूप (पुढे जाणाऱ्या लाइनचं वळण) दारासारखा उघडा असतो, लीडर उलगडतच नाही. डाव्या खांद्यावरून तर काहीच जमत नाही.

महाकाली नदीवर महाशीरसाठी ही तयारी आहे. तिथे काठाला खडक आणि मागे झाडी, म्हणजे ओव्हरहेड कास्ट विसरायचा. ४० मिनिटांनी बिघडतं ते हात थकल्यामुळे का? आणि स्कँडी सोडून स्कॅगिट (आखूड, जड) हेड घ्यावं का?

गायमुख

हात थकतात हे खरं, पण तुमच्या वर्णनात आधी नजरेत भरतं ते वेगळंच. तुम्ही एका उंचीवर उभे आहात आणि पाणी खाली खाली जातंय.

हिशोब करून बघा. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास. पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पूर्ण फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी ३, मग २ आणि १. आपल्याकडे उधाणाला हा फरक ४ मीटरच्या वर जातो. ४ मीटर धरले तरी तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून पाणी २ मीटर खाली जातं, म्हणजे साडेसहा फूट.

आता हे साडेसहा फूट जातात कुठे? डी-लूपच्या, म्हणजे रॉडमागे लाइनचं D सारखं वळण होतं त्याच्या, खालच्या बाजूला. आधी पाण्यावर टेकणारी लाइन आता हवेत लटकते. तुमचा लीडर ९ फूट. सुरुवातीला पूर्ण लीडर आणि हेडचे एक-दोन फूट पाण्याला चिकटतात, तेवढ्यावर काम भागतं. दोन तासांनी त्यातले चार-पाच फूटच उरले. एवढ्याशा तुकड्याने ३० ग्रॅमचं हेड धरून ठेवायचं म्हणजे सुटणारच. तुमचा हात तोच, कास्ट तोच, खालचा पाया मात्र हलला.

म्हणून पहिलं काम, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून पूर्ण भरतीच्या अलीकडे-पलीकडे एकेक तासच सराव करा. त्या तासांत पातळी जेमतेम फूटभर हलते. भांगाच्या (अष्टमीच्या आसपास, छोट्या भरतीच्या) दिवसांत तर आणखी कमी. वाहतं पाणी कमी मिळेल, पण अँकर शिकायला संथ पाणीच बरं. प्रवाहाचा सराव पाण्याच्या पातळीवर उभं राहता येईल अशा ठिकाणी करा. पावसाळा ओसरल्यावर बदलापूरला उल्हास नदीचा उथळ काठ त्यासाठी चांगला. खाडीच्या चिखलात मात्र उतरू नका, मांडीपर्यंत पाय रुततो आणि मागे भरती येत असते.

दुसरं काम, लीडर वाढवा. स्कँडी हेडला लीडर निदान रॉडच्या लांबीइतका, शक्यतो सव्वापट लागतो. साडेबारा फुटीला १५ फूट धरा. घरी बांधायचा तर ०.६० मिमी तंगूस ६ फूट, ०.४५ चं ४ फूट, ०.३५ चं अडीच, ०.३० चं अडीच. स्वीडनच्या योरान अँडरसन यांनी रुजवलेल्या अंडरहँड पद्धतीत लांब लीडर असतो तो काही हौसेखातर नाही. तिथे हेड हवेत आणि लीडर पाण्यात, असंच कामाचं वाटप आहे.

तिवरकाठ

गायमुख यांच्या हिशोबाला +१. तरी एक गोष्ट राहतेच. अँकर नीट बसल्यावरही लूप उघडा पडतो असं धागाकर्ते म्हणतात, ते लीडर बदलून सुटणार नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डी-लूप मागे नीट ताणला गेला नसेल तर पुढे कितीही जोर लावा, रॉड वाकणार नाही. आणि डी-लूप बिघडतो तो बहुतेक वेळा लिफ्टमध्ये, म्हणजे ज्या भागाकडे कोणी बघत नाही तिथे.

लिफ्टचं काम एकच, लाइन पाण्यापासून सोडवणं. सुरुवातीला रॉडचं टोक पाण्याला जवळजवळ टेकलेलं, लाइनच्या दिशेने रोखलेलं, आणि मधे ढील अजिबात नाही. टोक दोन फूट वर धरून सुरुवात केली तर पहिली दोन फूट उचल नुसती ढील गोळा करण्यात जाते आणि तेवढी लाइन पाण्यातच राहते. तिथून एकाच संथ वेगाने रॉड साडेदहाच्या काट्यापर्यंत (घड्याळात बारा डोक्यावर, नऊ समोर धरून) आणायचा. याला दीड ते दोन सेकंद लागतात. बघायचं काय, तर पाण्यावरची लाइन टोकाकडून सोलल्यासारखी सुटत गेली पाहिजे. हेडचा शेवटचा भाग आणि लीडर तेवढा पाण्यात राहिला की स्वीपची (रॉड बाजूने मागे फिरवण्याची) वेळ झाली. झटका मारला तर सगळीच लाइन सुटते आणि अँकर उडतो. अर्धवट उचलली तर निम्मं हेड पाण्यातच चिकटून राहतं आणि डी-लूपऐवजी पोट आलेली पिशवी तयार होते.

मग स्वीप. इथली नेहमीची चूक म्हणजे लिफ्ट संपताच टोक खाली बुडवणं. बुडवलं की लाइन मधेच पाण्यावर आपटते आणि अँकर ढिगात पडतो. टोकाचा मार्ग घाटाच्या चढासारखा हवा, आधी जवळपास सपाट, मग हळूहळू वर. हातांनी ओढू नका, कमरेतून वळा. वेग आधी लिफ्टइतकाच आणि शेवटी थोडा वाढता. शेवटी रॉड दीडच्या काट्यावर, वरचा हात कानाच्या उंचीला, कोपर खाली.

अँकर कुठे पडायला हवा ते डोळ्यांनी ठरवता येत नाही, खूण लागते. थर्माकोलचा तुकडा दोरीने दगडाला बांधून सोडा. उजवीकडे साडेबारा फूट, म्हणजे रॉडच्या लांबीइतका लांब, आणि तुमच्या खांद्यांच्या रेषेपासून दोन फूट पुढे. हेड आणि लीडरचा जोड त्याच्या आसपास पडावा आणि गोंडा त्याच्या पुढे, लक्ष्याच्या दिशेने. गोंडा तुमच्या पाठीमागे गेला की चाबूक वाजणार हे नक्की समजा. सराव संपला की तो तुकडा परत घेऊन या, खाडीत आधीच पुष्कळ कचरा आहे.

एवढं झाल्यावरही अँकरची दिशा बघा. लीडर लक्ष्याकडे रोखलेला हवा. तो आडवा पडला आणि लाइनचा काटकोन झाला, तर पुढच्या कास्टची अर्धी ताकद तो कोन सरळ करण्यात जाते. यावर जोर वाढवून उपाय होत नाही. स्वीप लक्ष्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला संपला पाहिजे, खांद्याच्या बाजूला नाही.

उघड्या लूपचं कारण वरचा हात. तो ढकलतो तेव्हा टोक कमानीत फिरतं आणि लूपही तसाच फाकतो. स्कँडीत बहुतेक काम खालच्या हाताचं, बट (रॉडचं खालचं टोक) बेंबीकडे ओढायचा आणि साडेदहाच्या काट्याला कचकन थांबायचं. दोन कसरती करून बघा. वरच्या हाताने रॉड फक्त अंगठा आणि पहिल्या बोटाने धरून २० कास्ट टाका, म्हणजे ढकलता येतच नाही. आणि वरच्या हाताच्या काखेत घडी केलेला रुमाल धरा. थांबण्याआधी तो पडला तर हात शरीरापासून सुटतोय.

टोकाबाहेर ५-६ फूट रनिंग लाइन हीसुद्धा जास्त आहे. पातळ लाइनला जड हेड पेलत नाही, मधे बिजागरी तयार होते आणि लूपमध्ये लाटा येतात. २ ते ३ फुटांवर आणा.

सातवेट कोपरखैरणे

स्कॅगिट घ्यायला हरकत काय? हेड २०-२५ फुटांचं, पुढे १० फुटी बुडणारी टिप, लीडर ३-४ फूट. अँकर पाण्यात टिकून राहतो, घाई नाही. महाशीरला खोल पाण्यात जड माशी (नकली आमिष) न्यायची असेल तर शेवटी तेच लागणार. ७ वेटला ५०० ते ५५० ग्रेन.

तिवरकाठ

लागेल तेव्हा जरूर घ्या, पण सिंगल स्पे बिघडतोय म्हणून नको. सिंगल स्पेत अँकर क्षणभर टेकतो आणि लगेच पुढचा कास्ट सुटतो. स्कॅगिट ज्या कास्टसाठी बनलंय, डबल स्पे, स्नॅप टी, पेरी पोक, त्यात लाइन आधी पाण्यावर मांडून ठेवतात. तिथे लिफ्टमधली चूक झाकली जाते, सुधारत नाही. शिवाय स्कॅगिटच्या वेगळ्या चुका असतात. टी-१४ (जड, बुडणारी) टिप सेकंदाला साधारण २० सेंमी बुडते. लाइन मांडून तीन सेकंद विचार करत राहिलात तर टिप दोन फूट खाली, आणि मग ती उपसण्यातच डी-लूप संपतो. धक्क्याच्या उंचीवरून ३-४ फुटी लीडर तर आणखी गैरसोयीचा.

सातवेट कोपरखैरणे

टिप बुडण्याचं मान्य. हेडचा मुद्दा बाजूला ठेवून वाऱ्याबद्दल लिहिते, कारण संध्याकाळी साडेचार आणि पश्चिमेला तोंड हे वाचून काळजी वाटली.

दुपारनंतर खारे वारे पश्चिम-वायव्येकडून येतात. तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभे, म्हणजे वारा समोरून आणि थोडा उजवीकडून. हवेतला अँकर तो मागे आणि तुमच्या अंगावर ढकलतो. ओहोटीला पाणी दक्षिणेला, तुमच्या डावीकडे जातं. उजव्या हाताचा सिंगल स्पे करताना अँकर उजवीकडे, प्रवाहाच्या वरच्या बाजूला येतो, म्हणजे नेमका वाऱ्याच्या तोंडावर. लोकरीचा गोंडा आहे म्हणून कान वाचतोय. नदीवर तिथे ४ नंबरचा गळ असणार.

नियम सोपा आहे, अँकर नेहमी वारा जिकडे जातोय त्या बाजूला. तुमच्या जागेवर संध्याकाळी ती डावी बाजू. ओहोटी असेल तर प्रवाहाची खालची बाजूही डावीच, म्हणून डाव्या खांद्यावरून डबल स्पे किंवा स्नेक रोल. भरती चढत असेल तर पाणी उजवीकडे जातं, तेव्हा डाव्या खांद्यावरून सिंगल स्पे किंवा स्नॅप टी. उजव्या हाताचा सिंगल स्पे घोटवायचा तर पहाटे ओहोटी असेल तो दिवस निवडा, तेव्हा मतलई वारे पूर्वेकडून पाठीवर असतात. फक्त पाठीचा वारा डी-लूप दाबतो, त्यामुळे स्वीपचा शेवट थोडा वेगाने आणि रॉड किंचित सपाट ठेवून.

खरं तर खाडी हे स्पे शिकणाऱ्याचं भाग्य आहे. नदीवर दुसऱ्या काठाचे कास्ट शिकायला पूल ओलांडून जावं लागतं. इथे एकाच जागी उभं राहून सहा तासांत प्रवाह उलटा होतो, डावा काठ उजवा होतो.

डावा खांदा जमत नाही म्हणता, त्यासाठी हात बदला. डावा वर, उजवा खाली. उजवा हात वरच ठेवून रॉड छातीवरून डावीकडे नेता येतो, पण सुरुवातीला त्याने खांदा आखडतो आणि टोक वाकडं फिरतं. डबल स्पे डावीकडून असा: लाइन डावीकडे सरळ. संथ लिफ्ट, रॉड समोरून उजवीकडे खालच्या पातळीवर न्या आणि लाइन समोर मांडा. गोंडा तुमच्या डावीकडेच, रॉडभर अंतरावर राहिला पाहिजे. तो तुमच्यासमोरून उजवीकडे गेला तर थांबा, पुन्हा मांडा, कारण पुढचा कास्ट लाइनीत गुंतणार किंवा अंगावर येणार. मग रॉड परत डावीकडे, लाइन पाण्यावरून सोलत. बरोबर होत असेल तर पाण्यावर तुषारांची पांढरी रेघ धावताना दिसते. ती रेघ मधेच तुटली तर स्वीपचा वेग तिथे पडला.

दोन सूचना. संध्याकाळी धक्क्यावर फिरणारी माणसं असतात, मागे २० फूट मोकळे असल्याशिवाय रॉड हलवू नका, आणि चष्मा कायम. आणि खाडीचा पश्चिमेकडचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर क्षेत्र. तिकडे सराव नको, गंमत म्हणूनही नाही.

मीठबंदर

कास्टिंगवर सगळं आलंय, साहित्यावर थोडं.

४६० ग्रेन पाकिटावर आहे, हेडवर आहे का ते तपासा. १५.४३ ग्रेन म्हणजे १ ग्रॅम, त्यामुळे काट्यावर २९.८ ग्रॅम यायला हवं. सोनाराचा काटा किंवा स्वयंपाकघरातला ०.१ ग्रॅम दाखवणारा चालेल. ग्रॅमभर फरक ठीक, तीन ग्रॅमचा फरक हाताला कळतो.

खाडीचं पाणी गाळाचं. तासाभरात लाइनवर बारीक थर बसतो, हेडचं टोक तरंगायचं सोडून बुडायला लागतं आणि लिफ्ट जड होते. घरी आल्यावर कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ फडक्यातून लाइन ओढून घ्या, मग गोड्या पाण्याने धुवा. रील आणि रॉडच्या कड्याही धुवा, मीठ राहिलं की कड्यांच्या पायाशी गंज धरतो.

थंड पाण्यासाठीच्या लाइन आपल्या उन्हात मऊ आणि चिकट होतात, कड्यांतून सरकत नाहीत. लाइनचा गाभा कुठल्या हवेसाठी आहे ते विकत घेताना विचारा. गाडीच्या डिकीत रील ठेवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, रॉडचे सांधे. स्पे कास्टमध्ये रॉड वाकतो त्याबरोबर पिळतो, आणि सांधे हळूहळू फिरून सैल होतात. सैल सांध्यावर जोर लावला तर कप (सांध्याचा बाहेरचा पोकळ भाग) खालून फुटतो. प्रत्येक सांध्यावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी तिरकी गुंडाळा, अर्धी खाली, अर्धी वर. दर अर्ध्या तासाला कड्या एका रेषेत आहेत का बघा. एखादी कडी थोडी जरी वळलेली दिसली तर लगेच थांबा.

दोनहाती नेरूळ

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासून आलो, आकडे देतो.

हेड २९.६ ग्रॅम, म्हणजे ठीक. टोकाकडून दुसऱ्या सांध्याची कडी खरंच वळलेली होती, पट्टी लावली. लीडर १५ फूट बांधला, बाहेरची रनिंग लाइन ३ फुटांवर आणली. शनिवारी पूर्ण भरतीच्या आधी पाऊण तास ते नंतर पाऊण तास, डावा हात वर, सिंगल स्पे आणि स्नॅप टी. ५० कास्टमध्ये अँकर ६ वेळा उडाला. चाबूक वाजला तो त्यातल्या ४ वेळा. रुमाल मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी पडतोय. लूप आधीपेक्षा अरुंद, पण लीडर शेवटचे चार-पाच फूट उलगडत नाही.

गवतावर सराव करून चालेल का? रोज भरतीची वेळ जुळत नाही.

गायमुख

५० मध्ये ६ चांगलं आहे. आता लांबी वाढवायच्या मागे लागू नका, ६० फुटांवरच राहा.

लीडरचे शेवटचे फूट उलगडत नाहीत त्यात दोन शक्यता. एक, ०.६० वरून थेट ०.४५ ही पायरी तुमच्या हेडच्या टोकाला मोठी पडत असेल. मधे ०.५० चे दोन फूट घाला आणि ०.४५ चे दोन फूट कमी करा, एकूण तेवढेच राहतील. दोन, थांबा कमी पडतोय. व्हिडिओ बाजूने घ्या आणि थांबण्याच्या क्षणी टोक कुठे आहे ते बघा. साडेनऊपर्यंत खाली येत असेल तर लूपची ताकद पाण्यात जातेय.

गवतावर चालेल, पण कोरड्या गवतावर अँकर धरत नाही. सकाळी दव असताना जा. खारघरच्या मोकळ्या मैदानावर लवकर गेलात तर जागा मिळते. लीडर वेगळा बांधा: जाड तंगूसाचे ६-८ इंचांचे तुकडे गाठींनी जोडत १२ फूट, आणि प्रत्येक गाठीची टोकं कापून न टाकता इंचभर ठेवा. ती काट्यांसारखी गवतात अडकतात. यावर सिंगल स्पे आणि स्नेक रोल चालतात. डबल स्पे नाही, लाइन सोलली जाण्याचा अंदाज फक्त पाण्यावर येतो. मैदानासाठी जुनं हेड वापरा, माती आणि खड्यांनी लेप घासतो.

तिवरकाठ

रुमाल पडतोय यात लीडर न उलगडण्याचं कारणही आहे. हात सुटतो म्हणजे वरचा हात पुढे धावतो, आणि तो धावला की थांबायला जागा उरत नाही. बहुधा डी-लूप तयार होत असतानाच तुमचे हात पुढे सरकायला लागतात. स्वीप संपवून हात दीडच्या काट्यावर आले की तिथून ते फक्त वर किंवा मागे जाऊ शकतात, पुढे नाही. गोंडा पाण्याला टेकलेला दिसेपर्यंत पुढे इंचभरही नको.

पुढच्या वेळी ५० नको, २५ च टाका. प्रत्येक कास्टला अँकरकडे मान वळवून बघा आणि गोंडा टेकला की तोंडाने "टेकला" म्हणा, मगच बट ओढा. विचित्र वाटेल, पण बोलायला लागणारा तेवढाच वेळ त्या जागी हवा असतो. रुमाल २५ पैकी २० वेळा टिकला की व्हिडिओ इथे टाका, मग लीडरचं बघू.